भरल्या गाडीची उंची

हरिसिंग आडे स्वतःबद्दल फारसं बोलत नसे. तो जीपबद्दल बोले, आणि त्यात त्याचं सगळं येऊन जाई.

घाटंजीपासून चौदा किलोमीटरवर डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आधी एक नाला लागतो आणि नाल्यापलीकडे साठ-सत्तर घरांचा त्याचा तांडा. आपल्या पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता, असं तो सांगे. पणजोबांना कुणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. हरिसिंगच्या वाट्याला पाच एकर कोरडवाहू कापूस-तूर आली आणि बैलांच्या जागी ही जीप आली. बावीस वर्षांपूर्वी एका सरकारी खात्याने ती लिलावात काढली, कारण खात्यातलं कुणी तिच्यात बसायला तयार नव्हतं. हरिसिंग बसला तो बसलाच.

त्या जीपला नेहमीच्या गिअरशेजारी आणखी एक दांडी होती. ती ओढली की चारही चाकं जोर लावत. तांड्यात नवा जावई येवो, लसीकरणाची बाई येवो की मीटर वाचणारा, हरिसिंग त्याला चहाच्या आधी ती दांडी दाखवी. "चारी चाकं चालते हिचे," तो म्हणे. "आजकालच्या गाड्या नुसत्या पाह्याच्या." पाहुणा मान डोलावी. चारही चाकं चालवायची वेळ वर्षातून दोनदा येई, आणि त्यातल्या एकदा तरी तांड्यातली माणसं मागून ढकलत असत.

जीपचं खरं काम होतं बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी सकाळी आठ-नऊ बाया आपापली गाठोडी घेऊन तिच्यात बसत आणि हरिसिंग त्यांना घाटंजीच्या बाजारात सोडी. त्यात पुढच्या सीटवर, कायमची, त्याची आई धनीबाई.

धनीबाईची पंचाहत्तरी उलटली होती. ती लसूण, वाळलेली मिरची आणि डिंक विकायला बसे. बाजारात एका बाभळीखाली तिची जागा होती, सव्वीस वर्षांची. त्या जागेला कागद नव्हता, पावती नव्हती. बाजाराचा साधा रिवाज होता, बसेल त्याची जागा. आणि सलग तीन बाजार जागा रिकामी राहिली की चौथ्या बाजारी तिथे दुसऱ्याचं पोतं पसरलेलं दिसे, आणि कुणी भांडायला जात नसे. नवरा गेला, दोन मुली लांब दिल्या, घराच्या किल्ल्या सुनेकडे गेल्या, तरी धनीबाईची बाभळीखालची जागा तिचीच राहिली. तिथे ती कुणाची आई नसे, कुणाची सासू नसे. तिथे तिच्या लसणाला गिऱ्हाईक असे.

जीपमध्ये ती आपली आपण चढे. एक हात काचेच्या कडीला, दुसरा सीटच्या पाठीला, मग एक पाय पायरीवर, आणि दम धरून वर. कुणी हात पुढे केला तर ती थांबे आणि तो हात मागे जाईपर्यंत थांबूनच राही. "ज्या दिशी मले कोनी उचलून बसवन," ती म्हणे, "त्या दिशी माहा बाजार सरला." तिचं हे म्हणणं तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. हरिसिंगलाही ठाऊक होतं, पण तो तेव्हा इंजिन ऐकत असे.

तर दिवाळीनंतर तांड्यात एक साखरपुडा झाला आणि त्याला हरिसिंगचा पुतण्या लखन नागपूरहून आला. लखन प्लॉट विकतो. कुणाचे, कुठले, हे त्याला विचारू नये. तो एक काळी, उंच, नवीकोरी गाडी घेऊन आला. नाला पाहिल्यावर त्याने ती अलीकडेच थांबवली, खाली उतरून दगड पाहिले, चाकं पाहिली, मग पोरांना पुढे चालवून एकेक दगड बाजूला करवत ती कशीबशी तांड्यात आणली. आणि लावली कुठे, तर नेमकी हरिसिंगच्या जीपशेजारी. लोकांनी फोटो काढले. अर्ध्या तासात तो फोटो तांड्यातल्या प्रत्येक मोबाईलच्या स्टेटसला लागला.

हरिसिंगच्या बायकोने, बसंतीबाईने, तो फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि अगदी साध्या मनाने विचारलं, "काहो, आपली जीप खाली बसली हाय का याच्यात?"

झालं. तिथून पुढे हरिसिंगला अन्न गोड लागेना. फोटोत त्याच्या जीपचं टप त्या काळ्या गाडीच्या खांद्यालाही लागत नव्हतं. बावीस वर्षं जिची दांडी लोकांना दाखवली ती जीप म्हाताऱ्या शेळीसारखी गुडघे टेकून उभी होती. बरं, हे दुःख कुणाला सांगायची सोय नाही. मग त्याने दुसरं दुःख शोधून काढलं. नाल्यातल्या दगडाला जीपचं पोट घासतं, आपण हिला उंच करून घेऊ, असं तो चारचौघांत म्हणू लागला. पोट बावीस वर्षं घासत होतं. त्या दगडावर जीपच्या रंगाचा पट्टाच उठला होता, आणि तो पाहून लोक पाण्याचा अंदाज घेत.

घाटंजीत कमानींचं काम करावं ते अब्दुल गनीने. ट्रक असो, ट्रॉली असो की जीप, चाकांवर गाडीला तोलून धरणारे ते पोलादी पाटे बसके झाले की लोक गनीकडे येत. एका लिंबाखाली पत्र्याची शेड, कोळशाची भट्टी, ऐरण आणि साठी ओलांडलेला हा माणूस. पाट्यावर हातोडीची एक टिचकी मारून तो आवाजावरून सांगे की पाटा कुठे थकला आहे. गिऱ्हाइकाला मात्र टिचकी मारायचीही गरज पडत नसे.

"गनीभाई, जीप सहा इंच वर करून द्या," हरिसिंग म्हणाला.

"कायले?"

"नाल्यात पोट घासते."

"वीस-बावीस सालं झाले, घासूनच राह्यलं. आजच काहून दुखलं?"

हरिसिंगने विषय बदलला. त्याने चार रात्री बायकोची झोप मोडून मोबाईलवर गाड्या उंच करायचे व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे त्याच्या अंगात विद्या मावत नव्हती. "ठोकळे टाका ना," तो म्हणाला. "एक्सल आन् पाटे याच्या मंधात लोखंडी ठोकळा. सस्त्यात काम होते."

"मागं टाकतो म्हन. पुढं टाकनार नाई. जोरात बिरेक मारला का पुढचा ठोकळा सरकला. मंग तू नाल्यात अन् तुहा एक्सल फाट्यावर. दुसरं बोल."

"मंग पाटे ज्या झुलत्या कडीले टांगले हाय, थे कडी लांब करा. शॅकल म्हंते त्याले."

"मालूम हाय काय म्हंते. दोन इंच कडी लांब केली का गाडी उठते एक इंच, अन् स्टेरिंग दारू पेल्यावानी चालते. दुसरं."

"नुसती बॉडीच उचला. बॉडी आन् चेसिसच्या मंधात गुटके टाकून."

गनीने हातोडी खाली ठेवली. "अरे भाई, पोट घासते ना तुहं? पोट हाय चेसिसले. थे तिथंच राह्यलं अन् डबा वर गेला, तं काय झालं? धोतर वर खोसल्यानं मानूस उंच होते का?"

हरिसिंगने शेवटचं अस्त्र काढलं. त्याच्या जीपला पाटे एक्सलच्या खालून बांधलेले होते. ते वरून बांधले की सहा इंच आपोआप मिळतात, असं एका व्हिडिओतल्या दाढीवाल्याने सांगितलं होतं. गनीने ते मान्य केलं. सहा इंच मिळतात. पण मग इंजिनातून चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा कोन बिघडतो, ब्रेकचे पाइप तोकडे पडतात, स्टेरिंगचे रॉड नवे घालावे लागतात, आणि एवढं करून एखाद्या चढावर शाफ्टचा सांधा तुटला तर ती जीप ढकलायला तांडा पुरत नाही. नाकापेक्षा मोती जड व्हायचा तो असा.

"मी एकच काम करतो," गनी म्हणाला. "पाटे खोलतो, भट्टीत घालतो, त्याईले नवी कमान देतो, अन् हरेक चाकावर एक पाटा वाढवतो. तीन इंच भेटन. भरल्या गाडीले तीन."

"भरल्या म्हंजे?"

इथे गनीचा नियम सांगायला हवा, कारण सगळं महाभारत त्यावरून घडलं. रिकाम्या गाडीची उंची गनी कधी घेत नसे. रिकामी गाडी खोटं बोलते, असं त्याचं म्हणणं. तुरीची ट्रॉली असेल तर तुरीसकट आणा, पाण्याचा टँकर असेल तर भरून आणा. त्या वजनाखाली पाटा किती दबतो ते पाहून तो कमान ठरवी. एकदा एका बँडपथकाच्या गाडीसाठी त्याने ढोल-ताशांसकट सगळं पथक आत बसवलं होतं, आणि बसलेच आहेत तर वाजवा म्हणून रस्त्यावरच्या लोकांनी त्यांना वाजवायला लावलं होतं.

"आज पाटे खोलून घेतो," गनी म्हणाला. "परवा ये. तुह्या गाडीत रोज जे बसते थे सगळे संग आन. जसे बसते तसे बसव. मंग मी माप घेतो."

हरिसिंग एस.टी.ने घरी परतला तो मोठ्या पेचात. त्याच्या गाडीत रोज बसत कोण होतं? त्याची आई, लसणाच्या टोपलीसकट. भुरीबाई, जी कधीकधी शेळीला तिकीट नसतं म्हणून शेळीही आणी. कापूस वेचायला जाणाऱ्या सहा-सात बाया, ज्यांच्या अंगावर हाडं आणि लुगडी याशिवाय फारसं काही नव्हतं. सगळ्यांचं मिळून वजन किती, तर एका चांगल्या म्हशीएवढं. आणि ही वरात घेऊन भर घाटंजीत, भर रस्त्यावर, गनीच्या शेडसमोर उभं राहायचं? लोक काय म्हणतील? चारही चाकं चालणारी गाडी, आणि आत कोण, तर मिरचीवाल्या!

त्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी उठून हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. तो तांड्याच्या नायकाकडे गेला. मग कारभाऱ्याकडे. मग नाल्याअलीकडच्या गावच्या सरपंचाकडे, आणि तिथून एका निवृत्त हेडमास्तरांकडे. "गाडीची उंची घ्याची हाय, तुमच्या हातून झाली पाह्यजे," असं तो म्हणाला. उद्घाटनच आहे असा त्यांचा समज झाला आणि त्याने तो होऊ दिला. या चौघांपैकी कुणीही गेल्या दहा वर्षांत त्या जीपमध्ये बसलेलं नव्हतं. चौघेही खाऊनपिऊन सुखी, एकेक जण तीन-तीन बायांच्या वजनाचा. नायकाचं पोट तर तो स्वतः येण्याआधी येई.

ठरल्या दिवशी ही मंडळी इस्त्रीचे कपडे घालून सरपंचाच्या गाडीतून गनीच्या शेडवर उतरली. कारभाऱ्याने हार आणला होता. हेडमास्तर दोन शब्द बोलायच्या तयारीने आले होते. दोन दिवस भट्टीत लाल करून, ठोकून, तेलात विझवून गनीने पाट्यांना अशी कमान दिली होती की पाहत राहावं. ते त्याने नुकतेच जीपला बांधले होते. त्याने या चौघांकडे एकदा वरून खाली पाहिलं.

"हे बसते रोज?"

"हाव," हरिसिंग म्हणाला.

"रोज?"

"हाव म्हनलं ना गनीभाई."

गनीने चौघांना बसवलं. सुतळी लावली, खडूने खूण केली, आणि नाक मुरडलं. जीप पुरेशी उचलली नव्हती. त्याने चौघांना उतरवलं, पाटे पुन्हा खोलले, पुन्हा तापवले, आणि मागच्या बाजूला आणखी एकेक पाटा चढवला. संध्याकाळी चौघांना परत बसवलं तेव्हा बरोबर तीन इंच भरले, केसाचाही फरक नाही. हार जीपला पडला. हेडमास्तर दोन शब्द म्हणून वीस मिनिटं बोलले. मग मंडळी खाली उतरली आणि जीप हळूच आणखी वर उठली. तीन बोटं. चार बोटं. गनीच्या कपाळाला आठी पडली. "लय उठली," तो स्वतःशीच म्हणाला. पण गिऱ्हाइकाने दोनदा 'हाव' म्हटल्यावर त्याचं ऐकण्याशिवाय तो करणार काय!

हरिसिंगचा आनंद गगनात मावेना. मागितले होते सहा, कबूल झाले होते तीन, आणि उभी राहिली ती पुन्हा सहाच इंच वर. तांड्याकडे जाताना तो रस्त्यावरच्या प्रत्येक मोटरसायकलीकडे वरून पाहत होता. जीप मात्र खड्डा आला की उड्या मारत होती. जड माणसांसाठी बांधलेले पाटे हलक्या वजनाला दाद देत नव्हते, आणि हरिसिंगचं डोकं तीनदा टपाच्या दांडीला लागलं. "काम टाइट झालं," तो डोकं चोळत म्हणाला. नाल्यात पोट घासलं नाही. त्याने पलीकडे जाऊन जीप थांबवली, फोटो काढला आणि लखनला पाठवला. लखनने दुसऱ्या दिवशी दुपारी अंगठा पाठवला.

मग आला बाजाराचा दिवस.

बाया जीपजवळ आल्या आणि थांबल्या. पायरी आधी गुडघ्याच्या खाली होती, आता मांडीला लागत होती. भुरीबाईने वर पाहिलं आणि विचारलं, "हे आपल्याचसाठी हाय का नायकासाठी?" बाकीच्या हसल्या. धनीबाई हसली नाही. तिने टोपली आत ठेवली, काचेची कडी धरली आणि पाय उचलला. पाय पायरीला पोचला नाही. तिने पदर खोचला, दोन्ही हातांनी कडी धरली आणि पुन्हा उचलला. या वेळी टाच नुसती पायरीच्या कडेला घासून खाली आली.

हरिसिंग उतरून धावला आणि त्याने हात पुढे केला. ती थांबली. तो हात मागे जाईपर्यंत ती वाट पाहत होती, आणि हरिसिंगला बऱ्याच वेळाने ते कळलं. मग त्याने घरातून प्लास्टिकचं स्टूल आणलं. खडकाळ अंगणात ते तीन पायांवर उभं राही आणि चौथा हवेत. तरण्या बाया एकमेकींचा हात धरून त्यावरून चढल्या. धनीबाईला चढायचं तर हरिसिंगने तिला कमरेला धरून उचलणं भाग होतं.

"याडी, ये ना, धरतो," तो आपल्या आईला म्हणाला.

धनीबाईने टोपली जीपमधून परत काढली, डोक्यावर घेतली आणि ती फाट्याकडे चालू लागली. नाल्याशी तिने चपला हातात घेतल्या आणि गुडघाभर पाण्यातून, दगडांचा अंदाज घेत, पलीकडे गेली. फाट्यावर तिला एस.टी. मिळाली. तिला जीपमधून मागे टाकून पुढे जाताना कसं दिसायचं हे हरिसिंगला सुचेना, म्हणून तो फाटा येईपर्यंत उगाच आरशात पाहत राहिला.

आणि तो बाजार, काय सांगावं! ज्याला नायकाच्या तोऱ्यात वर बसायचं होतं तो माणूस दर थांब्यावर उडी मारून उतरत होता, टपावरून स्टूल काढत होता, दगडाखाली दगड सरकवून ते टेकवत होता, "सांभाळून, सांभाळून" म्हणत होता, आणि शेवटची बाई उतरली की स्टूल पुन्हा टपावर टाकत होता. चौकात चहा पिणारे लोक हे पाहायला बाहेर आले. पुढच्या बाजारी त्याचं नाव पडलं स्टूलवाले. हरिसिंगने तेही सोसलं. उंचीसाठी माणूस काय काय सोसतो याला गणती नाही.

धनीबाई दोन बाजार अशीच पायी फाट्यावर गेली. दुसऱ्या खेपेला ती परतली तेव्हा तिचे गुडघे सुजून डांगरासारखे झाले होते. तिसऱ्या बाजारी ती गेली नाही, आणि चौथ्याही बाजारी गेली नाही. ती दारात बसून लसूण निवडत राही. निवडलेला लसूण पुन्हा पुन्हा निवडी. हरिसिंग लोकांना म्हणाला, "वय झालं, आता आराम कराव म्हनलं." हे त्याने धनीबाईच्या देखत म्हटलं. तिने वर पाहिलंही नाही. बसंतीबाईने मात्र त्या दिवशी त्याच्या ताटात भाकरी लांबून टाकली.

भुरीबाईने बातमी आणली की एका मिरचीवाल्याने बाभळीखालची जागा पावलांनी मोजून पाहिली. दोन बाजार रिकामे गेले होते. तिसरा परवावर आला होता. एवढं झाल्यावर हरिसिंगची उंची थोडी उतरली. तो जीप घेऊन गनीकडे गेला.

"गनीभाई, खाली करून द्या."

"काहून? पोट दुखाचं थांबलं का?"

हरिसिंगने सांगितलं. आधी अर्धं सांगितलं. गनीने हातोडी उचलून नुसती हातात धरली, तेव्हा त्याने उरलेलंही सांगितलं. नायक कोण, सरपंच कोण, आणि गाडीत खरं कोण बसतं.

गनीने शिवी दिली नाही, हे हरिसिंगला जास्त लागलं. "मी चार पैलवानाईच्या वजनाचे पाटे वळवले," गनी म्हणाला, "म्हाताऱ्या बायाईसाठी. दोन दिवस भट्टीपाशी उभा राह्यलो, भाऊ. एक डाव नाई, दोन डाव इचारलं तुले. मायची लाज वाटली तुले?"

गनीने हातोडी ऐरणीवर ठेवली आणि वाकून जीपच्या खाली पाहिलं.

"पाटे काढतो वाढवलेले. नाल्यापुरती उंची ठेवतो, दीड इंच. अन् पुढं एक पायरी लावून देतो, खालतून. पन कितीवर लावू? तुह्या मायचा पाय किती उठते?"

"पहिल्या पायरीवर चढत होती ना थे. थे अठरा इंच होती, मी मोजली हाय. तेवढ्यावरच लावा."

"थे जीप मोजली तू. मी पाय इचारून राह्यलो. घरी जा, अंगनात विटा मांड. एकावर एक. कशालेबी हात न लावता म्हातारी किती विटांवर चढते थे पाह्य. तेवढंच माप. सकाळी आनून दे, सांजच्यापर्यंत लावतो. परवा तिचा बाजार गेला नाई पाह्यजे."

हरिसिंग घरी आला. न्हाणीमागच्या ढिगातून त्याने विटा आणल्या आणि अंगणाच्या मधोमध, जिथे धरायला भिंत नाही की खांब नाही, तिथे जोडीजोडीने मांडल्या. धनीबाई दारातून पाहत होती. बसंतीबाई सूप घेऊन बाहेर आली आणि तिथेच थांबली.

"याडी, चढून पाह्य याच्यावर. हात न लावता."

"कायले?"

"माप घ्याचं हाय. तुह्यासाठी पायरी करून राह्यलो."

धनीबाई उठली. उठायलाच तिला वेळ लागला. विटांच्या एका थरावर ती चढली आणि उतरली. हरिसिंगने दुसरा थर मांडला. त्यावर चढताना ती जराशी डोलली, पण चढली. तिसऱ्या थराला तिने पाय उचलला, तो विटेच्या कडेपर्यंत आला, अंगठा विटेला लागला, आणि तिथून पुढे काही केल्या जाईना. तिने तीनदा करून पाहिलं. मग पाय खाली ठेवून ती म्हणाली, "नाई जमत बापू."

हरिसिंगने पट्टी लावली. दोन थर. साडेसहा इंच. त्याला वाटलं आपण चुकलो. त्याने विटा हलवून पुन्हा पट्टी लावली.

"साडेसहा? अन् आपल्या जीपची जुनी पायरी अठराची होती. एवढे सालं कशी चढत होती तू?"

"हातानं," धनीबाई म्हणाली. "पायानं कोन चढते? आठ-नऊ सालं झाले, सगळं आंग हातानं वर वढतो. दर बाजारी दोन्ही खांदे भरून येते. घरी आली का बसंती रातच्याले शेकून देते."

हरिसिंगने बायकोकडे पाहिलं. बसंतीबाई सूप पाखडत होती.

"तुले मालूम होतं?"

"सगळ्या तांड्याले मालूम हाय," ती म्हणाली. "भुरीबाईले मालूम हाय. तिच्या शेळीलेबी मालूम असन."

"मंग मले काहून नाई सांगतलं कोनी?"

धनीबाई विटांपासून बाजूला होऊन हळूहळू दाराकडे निघाली होती. ती थांबली, पण वळली नाही.

"रोज तुह्याच बाजूच्या सीटवर चढत होती, बापू. याच्यात सांगाचं काय होतं?"